फिरंगी शब्दावाचून एक दिवस काढल्याची हकीकत

सज्जनहो, हकीकत ऐसी जे, गल्लीच्या तोंडाशी दोन दुकाने, मधली भिंत एक. एकात वस्तरेबहाद्दर न्हावी, वजन शंभर किलो. दुसऱ्यात टीव्ही दुरुस्त करणारे राजश्री तारजोडे, देह झाडूच्या काडीइतका. मंगळवारी सकाळी चहावर तारजोड्यांनी कुरापत काढिली जे, न्हाव्यास 'सेट' हा फिरंगी शब्द टाकून एक दिवस काढवणार नाही. कारण बहाद्दरांचा वीस वर्षांचा रिवाज: केस कापून झाले की मानेमागे आरसा धरावा, कापड झटकावे आणि "झालं, सेट!" म्हणावे. त्यावाचून गिऱ्हाईक खुर्चीतून उठत नसे.

बहाद्दर इरेस पेटले आणि करार जाहला. दुकान बंद होईतो दोघांतून जो हा शब्द आधी बोलेल, त्याने दुसऱ्यास पाठुंगळी घेऊन भर बाजारातून पोस्टाच्या पेटीपावेतो न्यावे.

बहाद्दरांचा उजवा गुडघा मुळात अधू. कारभारीण कडाडल्या, "अहो, त्या गुडघ्यावर घर चाललंय आपलं! बसून केस कापणार का उद्या? तोंड आवरा!"

मग गनिमाने फौजा सोडिल्या. प्रथम तारजोड्यांच्या वहिनी चाल करून आल्या आणि पुसत्या जाहल्या, सहा कप, सहा बशा, यांस मिळून काय म्हणावे? बहाद्दर म्हणाले, "बारा भानगडी." मग गवंडीमामा आले, ओतलेले सिमेंट रात्रीतून काय होते? "झोपतं." मग पेन्शनर काका गजराचे घड्याळ घेऊन आले, पहाटे पाचास वाजावे तर यास काय करावे? "कान पिळावा." मग कोपऱ्यावरच्या मावशी आल्या, पोरास नोकरी लागली, घर जाहले, लग्नही जाहले, आता पोरगा काय जाहला म्हणायचा? बहाद्दर उसासले, "कामातून गेला."

परंतु खरा धोका खुर्चीपाशी. केस कापून होताच शब्द जिभेवर येई, म्हणोन बहाद्दरांनी दातांत कंगवा धरिला. एक मास्तर हुकूम न मिळाल्याने तासभर आरशात पाहत बसले, त्यांस कारभारणीने दंड धरून रवाना केले.

साडेसहास तारजोडे स्वतः खुर्चीवर चढले. सातास लेकीस पाहावयास होऊ घातलेले सासू-सासरे यावयाचे, आणि कटिंग संपताच न्हावी रिवाजाने फसेल, ऐसी दुहेरी मसलत. बहाद्दरांनी डावी बाजू कापिली आणि विचार केला जे, काम संपले तर शब्द सुटणार, सबब काम संपवूच नये. कात्री ठेविली, बाकावर बसले आणि पेपर उघडिला.

तारजोडे घड्याळ पाहती, आरसा पाहती, चुळबुळती. इतक्यात लेक धापा टाकीत आली, "बाबा, ते आलेसुद्धा! गल्लीत गाडी लावतायत!"

तारजोडे गरजले, "अरे मेल्या, ही बाजूपण सेट कर ना!"

गल्लीत एकच गलबला उठला.

करार तो करार. अर्धे डोके भादरलेले, गळ्यात कापड, पाठीवर शंभर किलो, ऐसे तारजोडे बाजारातून निघाले. समोरून व्याही आले, थांबले, सारा मजकूर ऐकिला आणि मंडळीस म्हणाले, "माणूस पागल आहे, पण बोलेल ते करतो. पोरगी पसंत."

येणेप्रमाणे मंगळवारी सायंकाळी सात वाजून चार मिनिटांनी पोस्टाची पेटी सर जाहली. बहाद्दरांची फत्ते, गुडघा सलामत. तारजोड्यांकडील कंबर कामी आली.