पंतांचं पान

आमचे शेजारी नाना पुराणिक अख्ख्या गल्लीला अरे-तुरे करायचे. नगरसेवक, पोस्टमन, स्वतःचे व्याही, कोणाची गय नाही. अहो-जाहो फक्त एकाला, घरच्या कुत्र्याला. "पंत, उठा आता. ऊन अंगावर आलं." असं आतून ऐकू आलं की नवीन भाडेकरूंना वाटायचं, घरात कोणी वयस्कर मंडळी आहेत. पंत म्हणजे काळे, देशी, आणि पिंपासारखे लठ्ठ.

रामघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत आता नानांच्या घराच्या जागी यात्रेकरूंचा लॉज झालाय. खाली काचेचं दार, वर झगमगती पाटी. भाजी घेऊन येताना तिथे अजून माझे पाय रेंगाळतात. नाना गेले, पंतही गेले, आणि मी मेली काचेत स्वतःचंच तोंड बघत उभी असते.

नाना सिंचाई विभागातून रिटायर झालेले. लग्न होऊन मी साताऱ्याहून उज्जैनला आले तेव्हा त्यांचं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. एखादी गोष्ट पटली नाही की म्हणायचे, "सवालच पैदा होत नाही!" आंघोळीआधी पिण्याच्या पाण्याला हात नाही, चातुर्मासात कांदा-लसूण नाही. पंतही त्याच शिस्तीत वाढलेले. सकाळी पोहे आणि वर एक जलेबी, दुपारी वरण-भात-तूप, संध्याकाळी दूध-पोळी. शिवाय काळा कुत्रा म्हणजे भैरवाचा, म्हणून येणारे-जाणारे भाविक गोड इमरत्या घालायचे त्या वेगळ्या.

मग व्हायचं तेच झालं. पंतांचे केस झडले, कातडी लाल झाली, दिवसभर खाजवणं. चार पायऱ्या चढले की धाप. जनावरांची डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला रोखठोक. "अंकल, रोटी, चावल, मीठा, सब बंद. कच्चा मांस दीजिए, कलेजी दीजिए. ऐसे ही चला तो ये साल नहीं निकालेंगे."

"सवालच पैदा होत नाही!" नाना कडाडले. मग टेबलावर धापा टाकणाऱ्या पंतांकडे त्यांनी बघितलं, घसा खाकरला आणि विचारलं, "कच्ची ककड़ी चलेगी?"

नाही चालली.

आठवडाभर नाना घुम्यासारखे बसून होते. मग एका सकाळी कुंपणापाशी आले आणि आवाज खाली आणून आमच्या ह्यांना म्हणाले, "सुधीर, तू बाहेर आमलेट-बिमलेट खातोस, मला माहीत आहे." हे चपापले. कारण मला माहीत नव्हतं! ते भांडण आम्ही नंतर सवडीने केलं. सांगायचं म्हणजे, मांस आणायचं काम ह्यांच्याकडे आलं.

नानांच्या अटी ऐका. मांस घरात येणार नाही. मागच्या अंगणात, कडुनिंबाखाली, वेगळ्या कटोऱ्यात वाढायचं. वाढणार सुधीर. तोवर नाना स्वयंपाकघरात, दार घट्ट लावून. नंतर अंगण धुवायचं, आणि नानांनी कशालाही न शिवता पुन्हा आंघोळ करायची. का, तर हवा लागली!

पहिल्या दिवशी पंतांनी वास घेतला, शेपूट हलवलं, लाळसुद्धा गळली. आणि बसून राहिले, बंद दाराकडे तोंड करून. तासाभराने ह्यांनी कटोरा उचलला. दुसऱ्या दिवशी तेच. मी तर गल्लीभर सांगत सुटले, "पंत पक्के ब्राह्मण निघाले हो! ह्याला म्हणतात संस्कार!" भिशीला बायका हसून हसून लोटपोट झाल्या. नानांना जाऊन सांगितलं तर तेही हसले, पण तोंडदेखलं. मला बाईला काही कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी पंत जागचे उठेनात. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, आज काहीच खाल्लं नाही तर घेऊन या, सलाईन लावावं लागेल. एवढं म्हातारं जनावर, पुढचं सांगता येत नाही.

दुपारी मला घरात बसवेना. मागच्या फाटकातून मी नानांच्या अंगणात शिरले आणि जागीच थांबले. दार सताड उघडं होतं. कडुनिंबाखाली पाट मांडून नाना बसले होते. पुढ्यात त्यांचं ताट, वरण-भात, लिंबाची फोड. आणि हातभर अंतरावर पंतांचा कटोरा, त्यात ते लालभडक सगळं.

"या पंत. मी बसलोय." नानांनी भात कालवला आणि पहिला घास घेतला.

पंत उठले. लटपटत आले, नानांच्या मांडीला एकदा नाक लावलं आणि कटोऱ्यात तोंड घातलं. मचमच आवाज यायला लागला. नाना जेवत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही भान नव्हतं.

"चूक माझी आहे गं, वसुधा," मला बघून ते म्हणाले. "आधी मी घास घ्यायचा, मग ह्यांनी. तुझी काकू गेली त्याला सात वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. आणि मी ह्यांना एकट्याला बाहेर वाढून दार लावून घेत होतो. कसे जेवतील?"

"पण नाना, शेजारी हे असं... वास येत असेल ना?"

"येतो तर. त्याची सवय होईल. एकट्याने जेवायची काही झाली नाही मला."

मी म्हटलं, "म्हणजे हे तीन दिवस तुम्ही..."

"चहावर आहे. ताट वाढून घेत होतो गं रोज. घास उतरायचा नाही. जा, आतून अजून थोडा भात आण."

मी भात आणला.

पुढे पंतांना छान काळेभोर केस आले. नाना शेवटपर्यंत त्या अंगणातच जेवले, थंडीत शाल पांघरून, मे महिन्यात डोक्यावर ओला पंचा टाकून. गल्लीने नावं ठेवली, त्यांनी कोणाला जुमानलं नाही. मला मात्र ते तीन दिवसच आठवत राहतात. त्या तीन दिवसांत मी दहादा तरी त्यांच्या दारात गेले असेन, पंत जेवले का म्हणून विचारायला. नाना, तुम्ही जेवलात का, हे मी एकदाही विचारलं नाही.