अनुमोदक कोन?

गवई सरांना तुम्ही "सर, चहा घेता का?" असं विचारलंत, तर ते हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. खोलीभर नजर फिरवून विचारतात, "सूचना आली. अनुमोदक कोन?" मग दुसऱ्या कुणीतरी "घ्या सर" म्हणावं लागतं, तेव्हा कुठे कप उचलला जातो. एकट्या माणसाच्या आग्रहाचा चहा त्यांच्या मते बेकायदेशीर.

आमची शाळा कामरगावच्या अलीकडे एका खेड्यात आहे. सर भूगोल शिकवायचे, मी मराठी. अठरा वर्षं आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. भूगोल त्यांच्या पोटापाण्यापुरता. जीव सगळा विद्यार्थी मंडळात. एरवी असली मंडळं जूनमध्ये कागदावर जन्मतात आणि फोटो निघाला की वारतात. सरांचं मंडळ दर शनिवारी शेवटच्या तासाला भरायचं. अध्यक्ष, सचिव, विषयपत्रिका, इतिवृत्त, सगळं साग्रसंगीत. फळा ओल्या फडक्याने पुसावा की कोरड्या, यावर पाऊण तास चर्चा झालेली मी स्वतः ऐकली आहे.

"एकानं म्हणलं ते मत," सर पोरांना सांगायचे. "दुसऱ्यानं हात वर केला का त्याचा ठराव होते. बिना अनुमोदनाचं काम म्हंजे दंडेलशाही."

पोरांनी हे घरी नेलं. सातवीतल्या एकाला बापाने बजावलं, "आजपासून मोबाइल बंद." पोरगं शांतपणे म्हणालं, "बाबा, सूचक तुमी. अनुमोदक कोन?" स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "मी." ठराव मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी बाप तक्रार घेऊन शाळेत आला. सरांनी त्याला बसवून घेतलं आणि पोराची कार्यपद्धती अचूक असल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं.

मला हा सगळा पोरखेळ वाटायचा, आणि तसं मी बोलूनही दाखवायचो. शिक्षकांच्या बैठकीत सर काहीबाही मांडायचे आणि अनुमोदनासाठी आशेने माझ्याकडे बघायचे. मी खिडकीबाहेरचा कडुनिंब बघायचो. अठरा वर्षांत मी एकदाही हात वर केला नाही. हिंदीचे सर करायचे, तेही बैठक लवकर आटपावी म्हणून.

एका वर्षी त्यांनी सानिका नावाच्या आठवीतल्या मुलीला मंडळाची अध्यक्ष केलं. हजेरीलासुद्धा तिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नसे. मी म्हणालो, "सर, ती पोरगी तोंड उघडत नाही."

"म्हूनच केली. बोलनारा अध्यक्ष झाला का सभा त्याचीच होते. हे पोरगी सगळ्याइचं आयकून घेते."

शाळेसमोरच्या हापशीभोवती तेव्हा बारा महिने चिखल असायचा. पाणी भरायला आलेल्या बाया घसरायच्या. मंडळाने तिथे ओटा बांधावा असा ठराव केला, ग्रामपंचायतीकडून सिमेंटही मंजूर झालं, आणि मग ग्रामसभेत एक वजनदार गृहस्थ उठले. "ते सिमेंट आमच्या गल्लीतल्या नालीले लावू. ठरलं." नेहमी ते ठरलं म्हणायचे आणि ठरायचं. मंडळाच्या पोरांसोबत मागे बसलेली सानिका उभी राहिली. आवाज लहानच होता.

"काका, हे तुमचं मत झालं. अनुमोदक कोन?"

काकांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. एकही हात वर आला नाही. मग तिने मंडळाचा ठराव वाचला, आणि पाणी भरणाऱ्या बायांचे हात एकदमच वर गेले. ओटा हापशीभोवतीच झाला. सर भिंतीला टेकून उभे होते. नुसता चष्मा पुसत राहिले. मला त्या दिवशी त्यांचं फार कौतुक वाटलं. पण तसं म्हणालो नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती.

सर निवृत्त झाले. त्याच्या दोन वर्षं आधी शशिकलावहिनी गेल्या होत्या. एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. निरोप समारंभात त्याने जाहीर केलं, की उन्हाळ्यात तो बाबांना कायमचं घेऊन जाणार. आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांनी वाजवल्या नाहीत. त्यानंतरही ते दर शनिवारी शाळेत यायचे आणि मंडळाच्या सभेत मागच्या बाकावर गुपचूप बसायचे.

मार्चमधल्या एका रविवारी मी त्यांच्याकडे राहिलेले नकाशे मागायला गेलो. सर टेबलापाशी बसले होते. पुढ्यात जाडजूड रजिस्टर, समोर रिकामी खुर्ची.

"जयभीम सर."

"जयभीम. बसा. सभा चालू हाये. तुमी निमंत्रित म्हून बसा."

ते चहा ठेवायला आत गेले तेव्हा मी रजिस्टर चाळलं. घरची सभा, दर रविवारची, कितीतरी वर्षांची. "उपस्थिती: दोन. विषय: भाजी. सूचक: शशिकला. अनुमोदक: गवई. मेथी मंजूर." पुढच्या पानावर, "विषय: गवई यांचे घोरणे बंद करणे. सूचक: शशिकला. अनुमोदक नाही. ठराव बारगळला." मी एकटाच हसलो. मग एका पानापासून उपस्थिती एक झाली होती. रविवार मात्र एकही चुकला नव्हता. आणि अलीकडच्या सगळ्या पानांवर एकच ठराव होता. "गावातच राहावे. सूचक: गवई. अनुमोदक:" आणि पुढे कोरं.

सर कप घेऊन आले. मी म्हणालो, "सर, मुलाला सरळ सांगा ना, येत नाही म्हणून."

"कसं सांगू? त्यानं ठराव मांडला, सूनबाईनं अनुमोदन देल्लं. रीतसर हाये. मायेनं बलावून राह्यले लेकरं. माह्या ठरावाले कोनी नाही."

"मंडळाच्या पोरांना विचारा. सगळे हात वर करतील."

"लेकराइचा हात गावाच्या कामाले. मले पुन्यात करमनार नाही, त्याच्यासाठी नाही वापरू."

मला काय झालं कोण जाणे, मी खिशातलं पेन काढलं. सरांनी रजिस्टर झटकन ओढून घेतलं. "तुमाले नाही जमत. तुमी सदस्य नाही."

"मग सदस्य कसं व्हायचं?"

सरांनी जरा विचार केला. "लागोपाठ तीन सभाइले हजर राहा लागते."

हा नियम त्यांनी तिथल्या तिथे केला होता, हे मला कळलं. मी हरकत घेतली नाही.

पहिल्या दोन सभांना माझी नोंद "निमंत्रित: एक" अशी झाली. विषय होते परसातली पपई आणि शेजारच्यांची कोंबडी. तिसऱ्या रविवारी मी सदस्य झालो आणि त्या कोऱ्या जागेत सही केली. शाई वाळायच्या आत सरांनी पुण्याला फोन लावला.

"बाळा, तुमच्या ठरावाले दोन मतं. आमच्या ठरावालेई दोन झाले. बरोबरीत अध्यक्षाचं मत निर्णायक रायते. अध्यक्ष मी हावो."

 पलीकडे मुलगा हसल्याचं मलाही ऐकू आलं. "बरं बाबा. दिवाळीत तरी या."

"मांडून ठेव. पाहू, अनुमोदक भेटते काय."

फोन ठेवून सर इतिवृत्त लिहायला बसले. तारीख लिहिली, उपस्थिती लिहिली, आणि थांबले. सवयीने त्यांनी "एक" लिहिलं होतं. त्यावर त्यांनी पट्टीने सरळ रेघ मारली, वर "दोन" लिहिलं, बाजूला सही केली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं.

"खोडाखोड झाली. दोघाइच्या सह्या पायजे."

सरांचे डोळे भरले होते. त्यांच्या खिडकीबाहेर कडुनिंब नव्हता, म्हणून मी रजिस्टरकडे बघितलं आणि सही केली.