खळ्यावरची पवनचक्की

"वारा वळखायचं काम आमच्या घराण्यात हाय," असं पिंगळीचे दिनकरराव चारचौघांत छाती पुढं काढून सांगत. ज्या खळ्यावर त्यांच्या आजा-पणजानं ज्वारी उपणली, तिथंच ते पाणी ओढणारी पवनचक्की उभी करणार होते. सरकारी योजनेतली एक चक्की त्यांच्या विधवा थोरल्या बहिणीला, कडूआक्काला, आधीच मिळाली होती. शहाऐंशी सालच्या त्या उन्हाळ्यात लोक ती बघायला यायचे, आणि इकडं दिनकररावांच्या पोटात दुखायचं.

आक्काची चक्की बांधापलीकडं, खळ्याच्या बरोबर पूर्वेला. वारा पश्चिमेचा. पण घरात वारा ओळखणारा माणूस असताना हा विचार दुसऱ्या कुणी कशाला करायचा!

नारळ फुटला, दिनकररावांची चक्की गरगर फिरली. त्याच दिवसापासून आक्काच्या चक्कीची तब्येत बिघडली. कधी गचके खायची, कधी पिसाळल्यासारखं तोंड फिरवायची, बाकी वेळ नुसती उभी. तिच्या पाण्यावर लावलेली वांगी माना टाकू लागली, आणि आक्काचं घर त्या वांग्यांवर चालायचं.

दिनकरराव मोठ्या मनानं मदतीला धावले. वंगण घातलं, पाती ठोकली, लिंबू-मिरची बांधली. शेवटी मालच हलका निघाला असं निदान करून मोकळे झाले. आक्कानं बिचारीनं मान डोलावली.

मग एकदा स्वतःच्या चक्कीला वंगण घालायला ते वर चढले, चाक दोरीनं बांधलं आणि समोर बघतच राहिले. आक्काची चक्की फिरत होती. त्यांनी दोरी सोडली, ती अडखळली. बांधली, ती फिरली. आपलं चाक वारा घुसळून, उष्टा करून बहिणीकडं पाठवत होतं!

भल्या माणसानं तिथूनच हाक मारली असती. पण गावभर मारलेली फुशारकी आडवी आली. दिनकररावांनी दोरी तशीच ठेवली आणि आपली चक्की बिघडल्याचं सांगून टाकलं. पलीकडं वांगी पाणी पिऊन तरारली, तेव्हा त्यांना वाटलं, झालं, पाप धुतलं गेलं.

पण एका सकाळी बांधापलीकडून ठोकाठोकी ऐकू आली. दिनकरराव धावत गेले. आक्कानं माणसं लावून चक्की उतरवली होती. चाक वांग्यांत आडवं पडलं होतं.

"माझी फिरायली तवापासून तुझी बंद हाय," आक्का म्हणाली. "माझीच तुझा वारा खायली व्हती रे. तुझं लेकराबाळांचं घर. माझं एकटीचं काय, भागंल कसंबी."

दिनकररावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके दिवस गिळलेलं अखेर तोंडातून बाहेर पडलं. "आक्का, उलटं हाय गं. माझीच तुझा वारा खायली व्हती. म्या तिला दोरीनं बांधून ठिवलीय."

आक्कानं पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

"मला बरं वाटावं म्हणून खोटं नको बोलूस, दिनकर. मलाबी कळतंय. वारा वळखायचं काम आपल्या घराण्यातच हाय की."