बँडमास्तरांनी तिसरा चेंडू काबीज केला त्याची हकिगत

वाचणारांस दीर्घ श्वास लाभो. चार नंबरच्या वॉर्डात जी मोहीम जाहली ती जैशी घडली तैशी लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

राजमान्य राजेश्री बँडमास्तर, ज्यांनी चाळीस वर्षे क्लॅरिनेट फुंकून मिरवणुका गाजवल्या, ते न्यूमोनियाने जेर होऊन खिडकीजवळच्या खाटेवर दाखल जाहले. गनीम म्हणजे कफ. त्याने डाव्या फुप्फुसाचे खालचे ठाणे बळकावले आणि तेथून हलेना. मग सकाळच्या फेरीस डॉक्टरसाहेबांनी फर्मावले की, उद्याचे फेरीपर्यंत ठाणे मोकळे न जाहल्यास घशातून नळी उतरवून कफ खेचावा. ऐकून मास्तरांचा रंग उडाला, कारण घसा हीच त्यांची उभ्या जन्माची दौलत.

मग वॉर्डाच्या सिस्टरसाहेबा जातीने मोहिमेवर निघाल्या आणि त्यांनी खाटेचे डोके उंच केले, पाठीशी उशांचा बुरूज रचला, वाफेचा मारा केला आणि हाताची ओंजळ करून पाठीवर थापांची नौबत झडवली. ताल चुकतो, अशी तक्रार मास्तरांनी गुदरली, ती नामंजूर जाहली. मग तीन चेंडूंचे यंत्र हाती देऊन हुकूम केला की, नळी ओठांत धरून श्वास आत ओढावा, म्हणजे चेंडू चढतील, आणि तीन आकडे मोजेतो वरच धरावे.

मास्तरांनी ओठ आवळले, बोटे नसलेल्या भोकांवर ठेवली आणि शर्थीने फुंकले. चेंडू तसूभर हलले नाहीत. सिस्टरसाहेबांनी पुन्हा समजावले, मास्तरांनी मान डोलावली आणि पुन्हा फुंकले. दुपारपर्यंत ऐसे सात हल्ले जाहले आणि सातही फसले. हुकूम डोक्यास पोहोचे, परंतु ओठ फितूर. शेजारच्या खाटेवरील काकांनी क्लॅरिनेटच्या तोंडची पट्टी, म्हणजे रीड, बदलून पाहण्याची मसलत दिली, त्यामुळे मास्तर रुसून भिंतीकडे वळले आणि यंत्र उशाखाली कैद जाहले.

संध्याकाळी भेटीचे वेळी मास्तरीणबाई आल्या. त्यांनी पिशवी ठेवली, यंत्र उशाखालून काढले आणि आठवा हल्ला समक्ष पाहिला.

“अहो, फुंकायच्या आधी काय करायचात?”

“काय करणार? श्वास घ्यायचो.”

“मग तेवढाच घ्या. पुढचं सगळं मी ऐकलंय.”

मास्तरांनी डोळे मिटले, लांब सुरासाठी घ्यावा तैसा श्वास घेतला, आणि पहिला चेंडू चढला, मग दुसरा, मग तिसराही यंत्राच्या छतास जाऊन भिडला. सिस्टरसाहेबांनी तीन आकडे मोजले. तोच छातीच्या तळातून खोकल्याची फौज उसळली, मास्तरांनी उशी पोटाशी कवटाळली आणि गनीम पळता पळता झाकणाच्या वाटीत सापडला. सिस्टरसाहेबांनी उजेडात धरून त्याचा मुलाहिजा केला आणि “घट्ट, पिवळा, भरपूर” ऐसे कागदी नोंदवले. पुढे निजेपर्यंत दर तासास दहा श्वास, ऐसा दस्तूर पडला.

दुसरे दिवशी डॉक्टरसाहेबांनी डावी बाजू दोनदा ऐकली आणि नळीचा हुकूम रद्द केला. चौथे दिवशी मास्तर घरी रवाना जाहले. यंत्र सोबत नेण्यास मास्तरीणबाईंनी तत्काळ मंजुरी दिली, कारण चाळीस वर्षांत घरात आलेले, आवाज न करणारे हे पहिलेच वाद्य. येणेप्रमाणे फत्ते जाहली, ती दफ्तरी लिहिली असे.