चिझुरूची काख

चिझुरूची काख फाटली ती शुक्रवारी संध्याकाळी, किमोनो चढवताना. बाहीत घालायला तादोकोरोने तिचा उजवा हात जरा जास्तच वर उचलला आणि करंगळीएवढी चीर पडली. रक्त आलं नाही, कारण चिझुरू ही सिलिकोनची, माणसाच्या मापाची बाहुली होती. एकट्या पुरुषांसाठी जी बनवतात आणि जिच्याबद्दल चारचौघांत कुणी बोलत नाही, तसली. तादोकोरोचं काळीज मात्र चरकलं. त्याने घरात होता तो गोंद लावून पाहिला. सकाळी पाहतो तर गोंद सुकून पापड झालेला आणि चीर वीतभर व्हायच्या बेतात.

तादोकोरो गेन्झो हा निवृत्त बोटवाला. चौतीस वर्षं त्याने समोरच्या बेटावर जाणारी बोट चालवली. मग पूल झाला, बोट बंद पडली, आणि आपलं लग्न करायचं राहून गेलंय हे त्याच्या ध्यानात आलं. सहा वर्षांपूर्वी चिझुरू घरी आली. ती खिडकीशी बसायची आणि तो तिला रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा वाचून दाखवायचा. गावात कुणाला याचा पत्ता नव्हता. बनवणारी कंपनीही आता राहिली नव्हती. शनिवारी सकाळी तो नाइलाजाने त्याच्या शाळेपासूनच्या दोस्ताकडे, शिओमीकडे गेला.

शिओमी यासुहेईने जन्मभर कवळ्या बनवल्या होत्या. शेवटची काही वर्षं तो इस्पितळासाठी सिलिकोनची बोटं आणि कानही बनवत असे. कातडीचा रंग जुळवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. बायको गेल्यापासून तो एकटाच राहत होता. तादोकोरो बराच वेळ हवापाण्याचं बोलला, दोन कप चहा प्याला आणि मग म्हणाला, "सिलिकोन चिकटवता येतं का रे?"

"येतं की. कुठलं?"

"काखेतलं."

शिओमीने कप खाली ठेवला. पुढचं सगळं ऐकून घेताना त्याने चेहऱ्यावरची रेषही हलू दिली नाही. शेवटी त्याने एवढंच विचारलं, की गोंद कुठला लावलास. उत्तर ऐकल्यावर मात्र तो खरोखर चिडला. सिलिकोनला सिलिकोनशिवाय काही चिकटत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्याचं म्हणणं. तादोकोरोने मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि तासाभरात तो चिझुरूला छोट्या ट्रकच्या पुढच्या सीटवर, पट्टा लावून, घेऊन आला.

कामाला बसल्यावर शिओमीचा संकोच पळाला. जुन्या गोंदाचे पापुद्रे त्याने चिमट्याने एकेक करून काढले, स्पिरिटने कडा पुसल्या, आतून बारीक जाळीचा तुकडा बसवला, रंग कालवलेलं सिलिकोन भरलं आणि कडेला कड अशी जुळवली की तादोकोरोला चीर कुठे होती ते शोधावं लागलं. मग त्याने पथ्य सांगितलं. उद्या दुपारी बारापर्यंत हात वरच राहिला पाहिजे आणि खोली उबदार हवी. हाताची काळजी नव्हती. चिझुरूच्या आतला धातूचा सांगाडा ठेवाल तसा राहायचा. ऊन फक्त गल्लीकडच्या खोलीत येत होतं. म्हणून काख मोकळी ठेवून तिच्या अंगावर किमोनो टाकला आणि तिला तिथेच उशांना टेकवून बसवलं. दाराकडे तोंड, उजवा हात वर.

बसवून झाल्यावर शिओमीला वाटलं, दारातून दिसते, जरा बाजूला सरकवावी. तो वाकला, चौतीस किलोंना हात घातला, आणि कंबरेत जी उसण भरली ती थेट जमिनीवरच घेऊन गेली. त्याला ना उठता येईना ना वळता. तादोकोरो औषधाच्या दुकानात पट्ट्या आणायला धावला आणि धावताना दार उघडंच टाकून गेला.

पाचच मिनिटांत समोरच्या कुरोसे मित्सुए गल्ली मंडळाची, घरोघर फिरवायची सूचनांची पाटी घेऊन आल्या. मित्सुएबाईंना नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि गल्लीतल्या कुठल्या घरी काय शिजतंय हे त्या घरातल्या माणसांच्या आधी त्यांना कळायचं. दारात उभं राहून त्यांनी हाक मारली. आत पाहिलं तर निळ्या फुलांचा किमोनो घातलेली एक बाई त्यांच्याकडे बघून हात हलवायच्या बेतात. मित्सुएबाई कंबरेत वाकल्या. बाईचा हात तसाच. त्या आणखी वाकल्या. मग आपणच चुकलो असं वाटून त्यांनीही हात वर केला. दोघींचे हात बराच वेळ तसेच राहिले.

"कुरोसे-सान, मी इथे खाली आहे," बसक्या मेजामागून शिओमीचा आवाज आला. "कंबर धरलीय."

"अगं बाई. आणि पाहुण्या आल्यात वाटतं."

शिओमीला खोटं बोलता येत नसे, आणि दोस्ताचं गुपित फोडणंही शक्य नव्हतं. त्याने खऱ्यातलंच निवडून काढलं. "त्यांच्या हाताला लागलंय. उद्या दुपारपर्यंत हलवायचा नाही."

"बोलत नाहीत?"

"नाही."

"बरं असतं," मित्सुएबाई म्हणाल्या. मग त्यांनी नाकाने हवा ओढली. ते सिलिकोन सुकताना त्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटतो. त्यांनी विचारलं, सुशीचा आंबट भात केलाय का. शिओमीने कण्हून वेळ मारून नेली. सहज आलेली वाटू नये इतकी नटलेली पाहुणी, घरात सुशीचा भात, आणि यजमान इतका उत्साहात की कंबर मोडून घेतलेली. याचा हिशोब गल्लीने दुपारपर्यंत लावला. चार वाजता दाराशी लाल चवळीचा भात येऊन पडला, शुभकार्याला करतात तो.

कंबरेवर पट्ट्या लावून पालथा पडलेला शिओमी तो खाऊ शकत नव्हता. तादोकोरोने खाल्ला, पण चव लागली नाही. "आमची चिझुरू," तो घास गिळत म्हणाला, "आणि लग्न लावलं तुझ्याशी."

"मग सांग जाऊन."

तादोकोरोने आणखी एक घास उचलला.

पाटीवर काय लिहिलं होतं ते कुणीच वाचलं नव्हतं. पाचच्या सुमारास मंडळाचे अध्यक्ष निशिवाकी स्वतः आले, तेव्हा ते कळलं. रविवारी सकाळी नऊ वाजता भूकंप आणि त्सुनामीची रंगीत तालीम होती. भोंगा झाला की सगळ्यांनी टेकडीवरच्या शाळेत पोचायचं. निशिवाकी तीस वर्षं आगीच्या बंबावर होते आणि तालमीच्या बाबतीत त्यांना थट्टा खपत नसे. घरात माणसं किती, त्यांनी विचारलं. शिओमी म्हणाला, एक. आणि पाहुण्या? त्यांना मोजू नका, शिओमी म्हणाला. निशिवाकींचा चेहरा कठोर झाला. लाट येते तेव्हा ती कोण घरचं नि कोण पाहुणं हे विचारत नाही, असं त्यांनी सुनावलं आणि कागदावर लिहिलं: चालू न शकणारे, दोन. स्ट्रेचर, दोन.

रविवारी नऊला भोंगा झाला. पाच मिनिटांत शिरस्त्राणं घातलेली चार माणसं दोन स्ट्रेचर घेऊन दारात हजर. मला आधी न्या, असा शिओमीने लकडा लावला; आपल्याला नेता नेता वेळ संपेल असा त्याचा डाव. पण निशिवाकी म्हणाले, बायका आधी. एकाने चिझुरूच्या गुडघ्यांखाली हात घातला, दुसरा मागे गेला आणि तिला बगलेत धरायला वाकला.

"काखेला हात लावू नका," शिओमी जमिनीवरून म्हणाला.

त्या माणसाने मग मनगट धरलं. धरलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात गार होता. त्याने नाडी पाहिली, मानेपाशी बोटं लावून पाहिली, आणि अध्यक्षांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, की हे तालमीतलं नाही. निशिवाकींनी खिशातून फोन काढला. दाराबाहेर गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती.

त्या माणसांत तादोकोरो होता. त्याला पळून जाता आलं असतं. गल्लीचं तोंड दहा पावलांवर होतं. तो आत आला, शिरस्त्राण काढून त्याने छातीशी धरलं, आणि बोटीवर प्रवाशांना सूचना द्यायचा त्या आवाजात बोलला.

"फोन करू नका. त्यांना काही झालेलं नाही. ती बाहुली आहे. माझी आहे. सहा वर्षं माझ्या घरी आहे. काख फाटली म्हणून मी तिला इथे आणली. शिओमीचा यात काही संबंध नाही."

कुणी हसलं नाही. तादोकोरोचे कान लालबुंद झाले होते, पण तो जागचा हलला नाही. निशिवाकींनी फोन खिशात ठेवला. हातातल्या कागदाकडे पाहिलं, चिझुरूकडे पाहिलं.

"वजन किती?"

"चौतीस किलो."

"सांधे वळतात?"

"वळतात."

"दरवर्षी आम्ही जखमी म्हणून तांदळाचं पोतं नेतो," निशिवाकी म्हणाले. "पोत्याचं डोकं सांभाळावं लागत नाही. म्हणून हे लोक काही शिकत नाहीत." आणि तादोकोरोपुढे ते किंचित वाकले. "तुमची हरकत नसेल तर."

हात दुपारपर्यंत हलता कामा नये, असं शिओमीने बजावलं. जखमी माणसाचा हात हलवायचाच नसतो, असं निशिवाकींनी उत्तर दिलं. चिझुरू निघाली. टेकडीच्या एकशेबारा पायऱ्या चौघांनी इतक्या जपून चढल्या की तसं त्या गावात कधी कुणाला कुणी नेलं नव्हतं. एक डोकं सांभाळत होता, तादोकोरो शेजारून चालत किमोनोचा घोळ सावरत होता. वाटेतल्या म्हाताऱ्यांनी वर केलेला हात पाहून आपापले हात हलवले. दुसऱ्या फेरीत, साडेदहाला, शिओमीला नेलं. त्याचं डोकं दोनदा कठड्याला आपटलं.

शाळेच्या पटांगणात बायका गरम सूप वाटत होत्या. तादोकोरो चिझुरूजवळ एकटाच बसला होता. त्याच्या दोन्ही बाजूंना जागा रिकामी होती. मित्सुएबाई सुपाचा वाडगा घेऊन आल्या, तो त्याच्या हातात दिला आणि चिझुरूसमोर गुडघे टेकून बसल्या. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून तादोकोरोने श्वास रोखला.

"किमोनोची उजवी बाजू वर घेतलीय तुम्ही," त्या म्हणाल्या. "तशी मेलेल्यांची असते. जिवंत माणसाची डावी वर हवी."

"सहा वर्षं अशीच घालतोय," तादोकोरो म्हणाला.

"पुरुषांना काय कळतंय." त्यांनी काखेला धक्का न लावता गळा सोडला, नीट घडी घातली, कंबरेचा पट्टा आवळला आणि निघून गेल्या. थोड्या वेळाने पलीकडची दोन माणसं सरकून तादोकोरोच्या बाजूला येऊन बसली. एकाने विचारलं की पूल नसता झाला तर बोट अजून चालली असती का. त्यावर तादोकोरो अर्धा तास बोलला. बारा वाजता शिओमीने पडल्या पडल्या चिझुरूचा हात खाली घेववला. काखेतला जोड टिकला होता.

बुधवारी शिओमी काठी धरून का होईना, चालू लागला. दुपारी मित्सुएबाई भाताचं भांडं न्यायला आल्या. भांडं घेतलं, तरी उठेनात. चहा झाला, मुळ्याच्या लोणच्याची चौकशी झाली.

"कान बसवता येतो का हो?" त्यांनी विचारलं.

"कुणाचा?"

"आमच्याकडचीचा. हे गेले, मी मागची कोठी आवरायला घेतली, तर पेटाऱ्यात सापडली. पहिल्यांदा किंचाळले. मग टाकायची कुठे, हा प्रश्न. कचऱ्यात ठेवली तर पोलीस यायचे. म्हणून ठेवून घेतली." त्या भांड्याच्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या. "ह्यांनी नाव काय ठेवलं होतं ठाऊक नाही. मी किमिए म्हणते. धाकट्या नणंदेचं नाव आहे. भांडायला बरं पडतं."

शिओमीने चष्मा लावला, वही उघडली आणि डावा की उजवा ते विचारलं. डावा, त्या म्हणाल्या. कसा फाटला, तेही लिहावं लागतं, तो म्हणाला.

"परवा बोलण्यावरून जरा वाढलं आमचं," मित्सुएबाई म्हणाल्या, "आणि मी कान पिळला. तर हातातच आला."