दिगांबरभाऊंची करंगळी

माझं शुद्धलेखन चुकतं, आणि अक्षर असं की उद्या मलाच वाचता येणार नाही. चौथीनंतर शाळा सुटली. कुणाच्या हाती ही वही पडलीच तर आधीच माफी मागते. पण कुणासमोर तोंडानं मला बोलता येत नाही, आणि दिगांबरभाऊंबद्दल कुठंतरी बोलल्याशिवाय राहवतही नाही.

मागच्या वर्षी दिगांबरभाऊ रोज सकाळी दुकान उघडत, उदबत्ती लावत आणि मग डाव्या हाताची करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीनं बांधून टाकत. करंगळीला काही झालेलं नव्हतं. धडधाकट होती. ऐकत नव्हती म्हणून तिला ही शिक्षा.

आष्टीच्या बाजारात त्यांचं लग्नपत्रिका आणि बॅनरचं दुकान आहे. डिझाइन ते करतात. मी पत्रिकांच्या घड्या घालते, बॅनरच्या कडांना रिंगा ठोकते. वीस वर्षं ते विंडोजच्या कॉम्प्युटरवर बसले आणि त्या जोरावर त्यांना एक गर्व चढला, माऊसला हात लावायचा नाही. सगळं काम बटणांवर. "माऊस काय, लेकराला खेळायला द्यावा," असं ते गिऱ्हाइकानं न विचारता सांगत. मधेमधे काम सेव्ह करणं हे भित्र्याचं लक्षण, असंही त्यांचं मत. करंगळी कोपऱ्यातल्या कंट्रोलवर, बाकीची बोटं टकाटक, आणि नजर पडद्यावर नाही, गिऱ्हाइकाच्या तोंडावर. आपली हुशारी त्याच्या तोंडावर उमटली का, ते बघायला.

अशा माणसानं मॅक नावाचा वेगळ्या जातीचा कॉम्प्युटर घेतला. कुणीतरी वापरलेला, पुण्याहून आणलेला. "मोठ्या शहरात सगळे याच्यावरच करून राह्यले, ताई," एवढंच कारण सांगितलं. पैसे कमी पडले तेव्हा माझ्याकडून अठरा हजार घेतले. मालकानं कामाच्या बाईकडून! बचत गटातून साठवलेले पैसे ते, पिको-फॉलचं मशीन घ्यायचं म्हणून. दुसरी बाई नाही म्हणाली असती. मला जमलं नाही, कारण त्यासाठी तोंड उघडावं लागतं.

मॅकवर कंट्रोलचं काम कमांड नावाचं बटण करतं आणि ते मधल्या लांब पट्टीशेजारी, अंगठ्यापाशी असतं. एवढाच फरक. म्हशीला नव्या गोठ्यात बांधलं तर चौथ्या दिवशी ती आपसूक नव्या दाव्यापाशी जाऊन उभी राहते. भाऊंची करंगळी मात्र दोन महिने जुन्याच कोपऱ्यात जात राहिली. दाबायचं, काही व्हायचं नाही, मग मशीननंच अपमान केल्यासारखं त्याच्याकडं बघायचं. "हे मशीन बराबर न्हाई."

म्हणून त्यांनी करंगळी बांधली. अंगठा वापरायला लागले, आणि त्याहून मोठा घोटाळा झाला.

त्यांची एक जुनी सवय होती. पत्रिका तयार झाली की कंट्रोल धरून क्यू दाबायचं. त्यानं अक्षरांच्या रेषा होतात आणि जालन्याच्या छापखान्यात काना-मात्रा उडून जात नाहीत. लगेच डी दाबायचं. त्यानं पत्रिकेची जोड तयार होते, एका कागदावर दोन छापायला. क्यू, डी. पापणी लवायच्या आत. मॅकवर मात्र कमांड धरून क्यू म्हणजे सगळं आवरून बंद. बिचारं मशीन विचारतं, काम जपून ठेवू का? आणि तिथं डी म्हणजे, नको, टाकून दे.

एक गृहस्थ मुलीच्या लग्नाची पत्रिका करायला सकाळपासून येऊन बसले होते. दुपारपर्यंत बेचाळीस नावं झाली. भाऊंनी त्यांच्याकडं बघत हसून दोन बटणं दाबली. पडदा कोरा.

"भाऊ, पत्रिका कुठं गेली?"

"गेली न्हाई. आत हाय."

"आत म्हणजे?"

"मशीनच्या आत."

"मंग काढा की भायेर! माझे तीन मेहुणे हायेत तिच्यात. एकाचं बी नाव सुटलं तर तिघं मांडवात पाय ठेवणार न्हाईत!"

ते उठून समोरच्या दुकानात गेले. त्यांच्यामागून आणखी पाच-सहा गिऱ्हाइकं गेली. माझ्या पैशाचं मी विचारत नव्हते, तेच सांगत, "ताई, एकदा बोटं वळू द्या. पहिले पैसे तुमचे. बिलकुल." म्हणजे माझं पिको-फॉल यांच्या बोटांवर लटकलेलं.

मग रिंगा ठोकता ठोकता मी त्या बोटांवर पहारा ठेवला. इंग्रजी मला येत नाही, पण कोणतं बोट कुठं गेलं की घात होतो, ते आठवड्यात कळलं. एकदा पत्रिका पुरी झाली, अंगठा कमांडवर गेला, एक बोट क्यूकडं निघालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊ, थांबा!"

दोघंही दचकलो.

"तिथं दाबलं की बंद पडतंय," मी म्हणाले.

त्यांनी बोट उचललं. "मला म्हाईत व्हतं," म्हणाले. माहीत होतं म्हणे!

त्यानंतर मात्र सुधारणा झाली. चिकटपट्टी सुटली, गिऱ्हाइकं परतली, मला दर महिन्याला पैसे मिळू लागले. तीन हजार राहिले होते.

त्यांची मुलगी मयुरी पुण्यात नोकरीला आहे, याच कामात, अशाच मशीनवर. रोज पाच वाजता भाऊ तिला फोन लावतात, स्पीकर चालू ठेवून. "बेटा, अक्षरांच्या रेषा करायला काय दाबायचं गं?" ती सांगते, रागावते, दहा-बारा मिनिटं बोलते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, बोटं पुन्हा विसरली, माझे पैसे बुडाले! मी बोटांकडं बघितलं. मयुरीचं सांगून व्हायच्या आत त्यांनी बरोबर बटणं दाबून ठेवली होती. दुसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर तेच. लबाड माणूस, असं मनात आलं. मग आठवलं, बायको गेल्यापासून हे दोघं फोनवर काय बोलत. "जेवलात का?" "हो." "ठेवते." बस.

परवा ते माझ्यासाठी नोटा मोजत होते आणि फोन चालूच होता. मयुरी म्हणाली, "पप्पा, तुम्ही मुद्दाम विचारता. ताई आहेत ना तिथं? ताई, खरंच येत नाही का यांना?"

भाऊंचा अंगठा नोटेवर थांबला. वर बघायचीही त्यांची हिंमत झाली नाही.

मी कधी फोनवर बोलत नाही. "न्हाई गं बाई," मी म्हणाले. "ध्यानातच राहत न्हाई त्यांच्या. तू सांगत जा."

"कठीण आहे," मयुरी म्हणाली, आणि पहिल्यापासून सांगायला लागली. भाऊ हां, हां करत राहिले. तसं करता करताच त्यांनी उरलेले तीन हजार माझ्या हातात ठेवले. मी दोनदा मोजले. अठरा हजार पूर्ण फिटले.