एकतीस नावांखालची सही

ब्रेकी काउंटीच्या मतदारयादीतून मेलेली माणसं काढून टाकण्याचं काम ऑरिन ट्वेटने अंगावर घेतलं, तेव्हा तो एकाहत्तर वर्षांचा होता आणि आपल्या हातून आजवर एकही सरकारी चूक झालेली नाही असं त्याचं म्हणणं होतं. तीस वर्षं तो साउथ डकोटात गुरांच्या पुठ्ठ्यांवरच्या डागण्या तपासायचा. कुणाची गाय कुणाच्या कळपात शिरली आहे हे तो लांबून सांगे. निवृत्त झाल्यावर त्याने चार माणसं जमवून मंडळ काढलं. मंडळाच्या मागण्या दोन होत्या. यादी स्वच्छ हवी, आणि काउंटीतली मतं यंत्राने न मोजता माणसांनी हाताने मोजावीत. दुसऱ्या मागणीसाठी त्यांनी दारोदार हिंडून सह्या गोळा केल्या आणि तो प्रश्न नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर आणून दाखवला. पहिलीसाठी ते सप्टेंबरमध्ये दफनभूमीत गेले.

त्या दिवशी बर्फमिश्रित पाऊस आडवा मारत होता. मंडळाची चिटणीस मार्वा एका थडग्यावरून दुसऱ्याकडे पळत फोटो काढत होती. ती नेब्रास्कातून येऊन दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे गावातलं कोण जिवंत आहे हे तिला नीटसं ठाऊक नव्हतं. फोटोंवरून तिने एकतीस नावं टाइप केली, आणि ऑरिनने पिकअपच्या बॉनेटवर कागद ठेवून शपथपत्रावर सही ठोकली. चष्म्यावर पाणी होतं. नावं त्याने वाचली नाहीत.

एकतिसावं नाव लिओटा शाफ्नरचं होतं.

लिओटा शहाऐंशीची. तिचा नवरा रूबेन हा ऑरिनचा जिवाभावाचा मित्र. तो गेला तेव्हा मुलाने दोघांचा एकच दगड करून घेतला, कारण दोन वेगळे करण्यापेक्षा ते स्वस्त पडत होतं. डावीकडे रूबेन, उजवीकडे लिओटा, तिच्या जन्मसालापुढे एक आडवी रेघ आणि रेघेपुढे मोकळी जागा. खाली मधोमध रूबेनची तारीख कोरलेली. मार्वाने ती दोघांचीही धरली.

निवडणूक कचेरीचं पत्र लिओटाला तिच्याच नावाने आलं. आपण मृत झाल्यामुळे आपलं नाव वगळण्यात आलं आहे, हरकत असल्यास कळवावे. तिने ते फोनवर ऑरिनला वाचून दाखवलं, सोबत जोडलेल्या शपथपत्रावरच्या त्याच्याच सहीसकट. मग ती म्हणाली, "हरकत आहे म्हणून कळवू का रे? की राहू दे, फार दिवसांचा प्रश्न नाही?"

प्रश्न खरोखरच फार दिवसांचा नव्हता. तिचं हृदय थकलं होतं आणि डॉक्टरांनी नाताळच्या पुढचं काही बोलायचं टाळलं होतं.

पण तोवर वगळलेल्यांची यादी कचेरीच्या दारावर लागली होती. यादी चर्चमधल्या बायकांनी वाचली, आणि दोन दिवसांत लिओटाच्या ओट्यावर मयताच्या घरी नेतात तशी नूडल-ट्यूनाची तीन भांडी आणि आलुबुखारचा एक कुखेन, म्हणजे जर्मन पद्धतीचा केक, येऊन पडला. दार तिनेच उघडल्यावर एक बाई ओट्यावरच मटकन बसली. दगड घडवणाऱ्याचा फोन आला, उरलेली तारीख जमीन गोठायच्या आत कोरून घेणार का म्हणून. लिओटाने त्याला सांगितलं, थोडं थांब. कुखेन मात्र तिने ठेवून घेतला.

ऑरिन टोपी हातात घेऊन कचेरीत गेला. तिथली जोनेल गेली चार वर्षं त्याचे अर्ज, तक्रारी आणि माहितीच्या मागण्या घेत आली होती. तिने शांतपणे नियमांचं पुस्तक उघडलं. मृत म्हणून वगळलेल्या मतदाराने स्वतः हजर राहून छायाचित्राचं ओळखपत्र दाखवावं. ते नसेल तर जन्मदाखला. हा नियम कडक करावा म्हणून दोन वर्षांपूर्वी राजधानीत, पिअरला जाऊन, समितीपुढे साक्ष कुणी दिली होती, हे तिने बोलून दाखवलं नाही. पुस्तक फक्त त्याच्याकडे फिरवलं.

लिओटाने गाडी चालवणं सोडून चार वर्षं झाली होती, परवाना तेव्हाच संपला होता. जन्म शेतावरच्या घरात, सुईणीच्या हातचा. दाखला कधी काढलाच नव्हता. बाप्तिस्म्याची नोंद ज्या चर्चमध्ये होती ते बंद पडून त्याची वखार झाली होती. ऑरिनने तीन गावं पालथी घालून ती वही शोधली आणि तिची प्रत घेऊन, लिओटाला पिकअपमध्ये उशांना टेकवून, पिअरची जन्मनोंदणी कचेरी गाठली. जायला साडेतीन तास लागले.

खिडकीपलीकडच्या तरुणाने संगणकात पाहिलं आणि तो चुळबुळला. काउंटीने कळवल्यानुसार ही व्यक्ती मृत आहे. मृताचा जन्मदाखला त्याच्या नातेवाइकांना मिळतो, मृताला स्वतःला देता येत नाही.

"मुला," लिओटा म्हणाली, "मी थोडी खाली बसते. तुझं ठरलं की सांग."

शेवटी आतून एक वयस्कर बाई आली. तिने बाप्तिस्म्याची प्रत पाहिली, लिओटाचा गार हात हातात घेतला आणि दाखल्यावर शिक्का मारला.

परतताना त्यांनी मिसुरी नदीचा पूल ओलांडला. मग ऑरिनने माफी मागितली. कशी मागायची याची सवय नसल्याने ती लांबली. दफनभूमीतला पाऊस, चष्मा, मार्वा, सगळं त्यात आलं. लिओटाने ऐकून घेतलं.

"ऑरिन, तुमच्या त्या हातमोजणीसाठी मी सही केली होती ना?"

"केली होतीत, वहिनी. पहिली सही तुमचीच."

"आता मी विरोधात मत देणार आहे."

त्याने गाडीचा वेग कमी केला. रागावून का, असं त्याने विचारलं.

"रागावून कशाला? एकतीस नावं तुझ्याने वाचून झाली नाहीत, आणि त्यातलं एक तुझ्या रोजच्या कॉफीच्या टेबलावरचं. चारशे मतपत्रिका तुम्ही रात्रभर बसून मोजणार म्हणतोस. यंत्राला निदान चष्मा तरी नसतो."

यावर त्याच्याजवळ मुद्दे होते. मंडळाच्या पत्रकात ते छापलेलेच होते. त्याने गाडीचा वेग पुन्हा वाढवला.

तिचं नाव परत लागलं. ऑक्टोबरच्या शेवटी तिने मतपत्रिका घरीच भरली, पाकीट चिकटवलं, त्यावर सही केली, आणि जिना उतरवत नव्हता म्हणून ते ऑरिनच्याच हातात दिलं. आत काय आहे हे त्याला माहीत होतं. त्याने ते सरळ नेऊन जोनेलला दिलं आणि पावती मागून घेतली.

मतदानाच्या आधीच्या गुरुवारी दुपारी लिओटा गेली. मुलगा ॲरिझोनात होता, रविवारी पोहोचणार होता. खुर्चीशेजारी ऑरिन होता.

राज्याचा नियम असा होता की टपाली मत दिलेला माणूस मतदानाच्या दिवसाआधी मेला, तर त्याचं पाकीट उघडायचं नाही. हाही नियम मंडळाला पसंत होता. पण सरकारी नोंद पोहोचायला दोन आठवडे लागत, आणि गावच्या साप्ताहिकात बातमी येणार ती बुधवारी, मतमोजणी झाल्यावर. मधल्या पाच दिवसांत ऑरिनने तोंड उघडलं नाही, तर ते मत मोजलं जाणार होतं. उघडलं, तर विरोधातलं एक मत त्याच्याच हाताने रद्द होणार होतं, आणि बाईला दुसऱ्यांदा यादीतून काढल्यासारखं होणार होतं. दोन्ही बाजूंनी चोर आपणच, असं त्याला रात्रभर वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी तो कचेरीत गेला आणि अर्ज भरून पुढे सरकवला. जोनेलने नाव वाचलं. 

"काका, या वेळी नक्की ना?"

"डोळे मीच मिटले त्यांचे."

तिने पेटीतून पाकीट शोधून काढलं, त्यावर लाल शाईने शेरा मारला आणि ते न उघडता बाजूला ठेवलं.

मंगळवारी ऑरिन मतदानाला गेला. राज्यपालापासून पाणीपुरवठा मंडळापर्यंत प्रत्येक गोल त्याने नेहमीसारखा काळजीपूर्वक काळा केला. हातमोजणीच्या प्रश्नाशी आल्यावर पेन तिथेच राहिलं. दोन वर्षं तो या एका प्रश्नासाठी दारोदार फिरला होता. कुत्र्यांनी त्याची एक विजार फाडली होती. त्याने तो प्रश्न कोरा सोडला आणि मतपत्रिका यंत्रात सरकवली. कुणालाही सांगितलं नाही.

निकाल लागला. बाजूने दोनशे सहा, विरोधात दोनशे सहा. बरोबरी झाली की प्रस्ताव पडतो.

मार्वाने यंत्रावर अविश्वास जाहीर करून हाताने फेरमोजणी मागितली. शनिवारी काउंटीच्या सभागृहात टेबलं लागली. मंडळाच्या वतीने मार्वा आणि ऑरिन, समोर जोनेल. सात तास मोजून आकडे आले दोनशे सहा आणि दोनशे सहा. मार्वाने पुन्हा मोजायला लावले. तेच आले. उरली होती एक मतपत्रिका.

मार्वाने ती उजेडात धरली. "हे बघा. बाकी सगळी मतं आपल्याच माणसांना, एकही चुकलेलं नाही. फक्त आपला प्रश्न सोडलाय. म्हणजे नजरचुकीने सुटलाय ना? माणूस आपलाच आहे. त्याच्या मनात काय होतं ते आंधळ्यालाही दिसेल. हे बाजूने धरा, आपण जिंकलो."

जोनेल म्हणाली की मोजणाऱ्या सगळ्यांना मान्य असेल तर मतदाराचा हेतू विचारात घेता येतो. मग तिने ऑरिनकडे पाहिलं. मार्वानेही पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच सगळं एका होकारावर आलं होतं.

ऑरिनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती मतपत्रिका वरपासून खालपर्यंत एकेक ओळ करून वाचली. स्वतःचं अक्षर नसलं तरी स्वतःचे काळे केलेले गोल माणूस ओळखतो.

"त्याच्या मनात काय होतं ते तुला काय ठाऊक," तो म्हणाला. "कोरं आहे. कोरी म्हणून बाजूला ठेव."

मार्वाने ती ठेवली, पण आपटून. मोजणीच्या अहवालावर सही करताना ती म्हणाली की निदान शेऱ्यात एवढं तरी लिहा, हा मतदार बावळट होता.

जोनेलने फॉर्म उलटसुलट पाहिला आणि सांगितलं, त्यासाठी रकाना नाही. मग तिने तो ऑरिनपुढे सरकवला. त्याने पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो वाचला, आणि मग सही केली.